नद्यांची नावे

आमच्या पिढीने शाळेच्या वंदनागृहात मांडी घालून जी धम्मप्रवचने ऐकली, त्यांत नद्या आणि सागर यांचा दृष्टान्त सर्वाधिक वेळा आला असेल. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू आणि मही या महानद्या सागरास मिळाल्या म्हणजे आपली पूर्वीची नावे टाकून देतात व केवळ ‘महासमुद्र’ म्हणून ओळखल्या जातात; त्याचप्रमाणे चारही वर्णांतून आलेली माणसे संघात प्रविष्ट झाली म्हणजे आपले पूर्वीचे नाव-गोत्र टाकून शाक्यपुत्रीय श्रमण होतात, असे तथागतांनी सांगितले. हा दृष्टान्त कोणा प्राचीन भिक्षुसंघाविषयी आहे असे आम्हांस कधी वाटलेच नाही. तो आमच्या वसतिगृहाविषयीच आहे, अशी आमची खात्री होती.

तसे वाटण्यास कारण होते. जून महिन्यात पत्र्याची पेटी आणि सतरंजीची वळकटी घेऊन आम्ही या आवारात पाऊल ठेवले, तेव्हा गावात ज्यांच्या विहिरीवर आमच्या आयांना चढता येत नव्हते, त्यांच्याच नात्यागोत्यातील मुले शेजारच्या सतरंजीवर निजत होती. हजेरी पहिल्या नावाने घेतली जाई. आडनाव कोणी पुकारत नसे. आंघोळीच्या हौदावर एकच टमरेल होते आणि ते सगळ्यांचे होते. ज्यांना हे साधे वाटेल त्यांनी आपल्या आजोबांना विचारून पाहावे. आमच्यापैकी काहींची नातवंडे आज याच वसतिगृहात राहतात आणि आडनाव लपवण्याची कला त्यांना शिकावी लागलेली नाही, हे या संस्थेचे ऋण आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या ऋणाविषयी इतर अनेकजण लिहितील, आणि ते योग्यच होईल. आम्ही मात्र त्याच दृष्टान्ताच्या आडोशाने आमच्या हातून जे घडले, त्याविषयी लिहिणार आहोत.

आम्ही सहावीत असताना मेळघाटातून एक कोरकू मुलगा वसतिगृहात दाखल झाला. त्याला मराठी जेमतेम येत होती. पावसाळ्यात त्याला ताप आला आणि एका रात्री तो ‘डा, डा’ असे म्हणत राहिला. त्याला काय हवे आहे ते आमच्यातील एकालाही कळले नाही. आम्ही हसलो. कोरकू भाषेत ‘डा’ म्हणजे पाणी, हे आम्हांस पुढे कितीतरी वर्षांनी समजले. पहाटे गृहपालांनी त्याला पाणी पाजले, औषध दिले, तो बरा झाला. परंतु तोवर ‘डा’ हे त्याचे टोपणनाव होऊन बसले होते. पटावरचे पहिले नाव मागे पडले. भोजनगृहाच्या रांगेत, मैदानावर, वर्गात सगळीकडे ‘डा’. दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला आणि परत आला नाही. दाखल्यांच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘शाळा सोडली’ एवढाच शेरा असेल. तो शेरा खोटा नाही, पण पुरताही नाही.

त्याला जातीवरून कोणी हिणवले नव्हते. ते या आवारात घडणे शक्यच नव्हते. आम्हीच ते घडू दिले नसते. म्हणूनच या गोष्टीत काही वावगे आहे असे आमच्यापैकी कोणासही त्या वेळी वाटले नाही. आपण सगळे सागर झालो आहोत, तर मग ज्याची नदी अजून ऐकू येते त्यानेच लवकर मिसळून जावे, अशी काहीशी आमची समजूत असावी.

असेच दुसरे उदाहरण झाडीपट्टीतून आलेल्या मुलांचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या त्या भागातील झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण उच्चारातच नाहीत. तिथला माणूस ‘पानी’ म्हणतो ते अडाणीपणाने नव्हे, तर त्याच्या बोलीचा तो नियम आहे. ज्या बोलीत दंडार होते, खडी गंमत होते, जिच्या मुलखात दिवाळीनंतर रात्ररात्र नाटके रंगतात, त्या बोलीतील मुलांकडून आमच्या काळी ‘पाणी’ हा शब्द शंभर वेळा लिहवून घेतला जाई. मुले तो बिनचूक लिहीत आणि वाचताना पुन्हा ‘पानी’च वाचत. प्रमाण मराठी शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती आली नसती तर हा लेखही आम्हांस लिहिता आला नसता. पण एक भाषा शिकवण्यासाठी दुसरीची लाज शिकवावी लागते, हा समज कोठून आला? निदान तो विनयपिटकातून आला नाही. चुल्लवग्गात कथा आहे: ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्षू बंधू तथागतांकडे तक्रार घेऊन गेले की, नाना कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तेव्हा ते आम्ही छंदस् भाषेत घालतो. तथागतांनी त्यांना दोष दिला आणि बुद्धवचन ‘स्वतःच्या भाषेत’ शिकण्याची अनुज्ञा दिली. (आचार्य बुद्धघोषांनी या ‘स्वतःच्या’चा अर्थ बुद्धांची स्वतःची, म्हणजे मागधी, असा लावला आहे, आम्हांस तो पटत नाही, कारण मग त्या दोन बंधूंची तक्रारच निरर्थक ठरते.)

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तेव्हा गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाकडे वळतो. ‘विविधतेत एकता’ या कार्यक्रमात प्रत्येक समाजाचे एक नृत्य बसवले होते. त्यात ‘आदिवासी नृत्य’ होते. चित्रपटातले गाणे, कमरेला कागदी पाने, डोक्यात पिसे, गालांवर पांढरे ठिपके, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि मधूनमधून आरोळ्या. भामरागडकडील एक माडिया मुलगी आठवीत आहे. ‘तू तर खरीच आदिवासी’ म्हणून तिला पहिल्या रांगेत उभे केले. ती नाचली. तिचे वडील दोन गाड्या बदलून कार्यक्रमाला आले होते. गाणे संपण्यापूर्वीच ते उठून मंडपाबाहेर जाऊन उभे राहिले. आमच्यातील एकाने जवळ जाऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आमच्याकडं असं कोणी घालत नाही, सर. हे कुठलं आहे?’ आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

हे कुठले आहे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ज्या शिक्षकांनी नृत्य बसवले त्यांचा हेतू शुद्ध होता; त्यांनी रात्री जागून पुठ्ठे कापले होते. परंतु त्या मुलीस रेला येतो, तिच्या आजीपासून आलेली गाणी तिला तोंडपाठ आहेत, हे तिला कोणी विचारले नव्हते. नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली की रेला पाहायला कोणी बसत नाही, सगळेच साखळीत शिरतात. म्हणजे आमच्या रंगमंचाची, खुर्च्यांची आणि प्रमुख पाहुण्यांची जी काही रचना आहे, तीच तिच्या नृत्याला मानवणारी नव्हती. आम्ही तिची संस्कृती साजरी करत होतो म्हणे.

या प्रसंगानंतर शाळेच्या समितीत आणि माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत बराच खल झाला. एक मत असे पडले की हे सगळे बंदच करावे. आपण येथे एक होण्यासाठी आलो. कोण गोंड, कोण बंजारा, कोण कुणबी याची पोरांना आठवण कशाला करून द्यायची? हे मत उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर जे टाकले, तेही ‘संस्कृती’ या नावानेच चालत आले होते. येसकरीची भाकर, मेलेली जनावरे ओढण्याचे काम, पोतराजाचा कोरडा, देवीला वाहिलेल्या मुली. यातील प्रत्येक गोष्टीला आपले गाणे होते, आपला वेश होता, आपले वाद्यही होते. आज कोणी ते वेश घालून रंगमंचावर ‘लोकपरंपरा’ म्हणून नाचू लागले, तर आम्हीही मंडपाबाहेर जाऊन उभे राहू. तेव्हा जे जे जुने ते ते साजरे करावे, ही भूमिका बौद्धांच्या शाळेला कधीच घेता येणार नाही. तथाकथित विविधतेच्या नावाखाली चातुर्वर्ण्यही आपली खुर्ची मांडून बसू शकतो, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

परंतु या मताच्या बाजूने जेव्हा तोच सागराचा दृष्टान्त पुन्हा पुढे करण्यात आला, तेव्हा आम्ही सुत्त पुन्हा उघडून वाचले. वाचायला हवे होते पन्नास वर्षांपूर्वी. त्यात सागराचे एक नव्हे, आठ गुण सांगितले आहेत. नद्यांनी नावे टाकणे हा चौथा. सहावा गुण असा की सागराला एकच रस आहे, लवणरस. तसा या धम्माला एकच रस, विमुक्तिरस. आणि सातवा असा की त्या सागरात मोती, वैडूर्य, शंख, प्रवाळ, रजत, सुवर्ण अशी अनेक प्रकारची रत्ने आहेत. आठवा असा की निरनिराळ्या आकाराचे महाकाय जीव त्यात राहतात. रत्नांचा आणि जीवांचा तेथील संकेत साधनेविषयी आहे, मुलांच्या बोलीविषयी नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही एवढे दिसते की जो सागर नद्यांची नावे मिटवतो तो आतून एकसारखा, सपाट नाही. आम्ही चौथ्या गुणापाशी पुस्तक मिटत आलो.

शिवाय नाव टाकावे म्हणजे काय टाकावे? उपालीची कथा याच संदर्भात आठवावी. शाक्यकुळातील सहा तरुण प्रव्रज्येसाठी निघाले, त्यांच्यासोबत उपाली हा न्हावी होता. त्यांनी तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. टाकायचा होता तो गर्व, आणि तो ज्यांच्यापाशी होता त्यांनी टाकायचा होता. आमच्या वसतिगृहात कोरकू मुलाने काय टाकावे अशी आमची अपेक्षा होती? त्याच्यापाशी गर्व नव्हता. होता एक शब्द, आणि तोही तहानेचा.

आपल्या महाराष्ट्रात वसतिगृहांचा इतिहासही दोन्ही वाटांनी गेला आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र वसतिगृहे उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. त्या काळी सर्वांना एका पंक्तीस बसवणे घरच्यांनाच मानवले नसते, आणि पंक्तीपेक्षा शिक्षण तातडीचे होते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले तेही याच निकडीतून. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. आपली शाळा या दुसऱ्या वाटेवरची. ती वाट अधिक कठीण आहे, कारण स्वतंत्र वसतिगृहात मुलाची भाषा आणि ताट आपसूक सांभाळले जाते. एकत्र वसतिगृहात ते कोणीतरी जाणीवपूर्वक सांभाळावे लागते. न सांभाळल्यास एकत्र म्हणजे बहुसंख्यांचे, असा अर्थ आपोआप होतो.

ताटावरून आठवले. आमच्या काळी भोजनगृहात वरण, भात, पोळी, भाजी मिळे आणि त्यालाच ‘संस्कार’ म्हणत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी सुकट-बोंबील होते. कित्येकांच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी सुकटाची पुडी असे आणि ती सापडली की गृहपाल ती जप्त करत. गृहपालांच्या स्वतःच्या घरीही सुकट शिजत असणार, याविषयी आम्हांस तेव्हाही शंका नव्हती. मग हा वरणभाताचा संस्कार नेमका कोणाचा होता? सर्वांना सामावून घेणारे म्हणून जे काही आपण ठरवतो, ते बहुधा कोणाचे तरी आधीपासूनचे असते. फक्त त्यावर नाव लिहिलेले नसते. गडचिरोलीकडील मुले वास्त्यांची भाजी, आंबील, मोहफुले यांच्याविषयी आजही एकमेकांत हळू आवाजात बोलतात. आठवड्यातून एकदा एका भागाचे जेवण, त्या भागातील एखाद्या आईच्या देखरेखीखाली शिजलेले, असे गेल्या काही महिन्यांपासून सुरू झाले आहे. वास्त्याची भाजी निम्म्या मुलांनी ताटात टाकली, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या खेपेस थोडी कमी टाकतील.

आता सर्वांत नाजूक प्रश्न, ज्यावर बैठकीत आवाज चढले. सकाळची वंदना सर्व मुलांना अनिवार्य असावी का? आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे, शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्यास लावता येत नाही. हे बाबासाहेबांच्या हाताखालून गेलेले कलम आहे आणि त्यात बौद्ध संस्थांना सवलत नाही. ‘शाळा आपली आहे, आपल्या पैशाने उभी आहे’ असे काही ज्येष्ठांनी म्हटले. आम्ही त्यांना त्यांच्याच लहानपणीची आठवण करून दिली. गावच्या शाळेत सरस्वतीच्या तसबिरीपुढे हात जोडायला लावत तेव्हा पोटात काय होत असे, हे आपल्याइतके कोणाला कळावे? आमचे मत असे की पंचशीलाचा अर्थ सर्व मुलांना जरूर सांगावा; चोरी करू नये, खोटे बोलू नये यास कोणत्याही पालकाची हरकत नसते. परंतु शरण जाणे ही सक्तीने होणारी क्रिया नव्हे. ‘एहिपस्सिको’ म्हणजे ये आणि पाहा. येण्यास पाय लागतात, ते ज्याचे त्याने उचलावेत. मुस्लिम, गोंड, ख्रिस्ती, हिंदू घरांतील जी मुले आज वंदनेस आपखुशीने बसतात, ती पालकांची लेखी संमती घेतल्यानंतरही बहुतेक बसतील. जी बसणार नाहीत त्यांच्यासाठी वाचनालय उघडे असावे, आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये. यातील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

जयंत्या व सणांची यादी भिंतीवर लावण्याचेही ठरले आहे. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराज, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा, ईदला शीरखुर्मा. चांगलेच आहे, पण यादी करणे सर्वांत सोपे म्हणून ते आधी होते. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती एक निमूट तरतूद: कोणाही मुलास आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे करावयाचे नाही. नववीतील एका बंजारा मुलीने सांगितले की तिला फेटिया-कांचळी घालायची नाही. तिची आजी घालते, आई घालत नाही, आणि तिला स्वतःला बुद्धिबळाच्या स्पर्धेत भाग घ्यायचा आहे. तिलाही तो अधिकार आहे. ज्या मुलीस रेला गायचा आहे तिने गावा, जिला नको तिने गाऊ नये. दोघींचे ठरवणे दोघींपाशी असावे.

भाषेच्या बाबतीत मात्र शाळेने स्वस्थ बसता कामा नये. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी व्हाव्यात असे सांगणारा ३५० क हा अनुच्छेद घटनेत आला तो १९५६ साली, धम्मदीक्षेनंतर अवघ्या काही दिवसांनी अमलात आलेल्या सातव्या दुरुस्तीने. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातील भाषा, कोरकू मुंडा कुळातील. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. असे मूल पाचवीत येते तेव्हा ते मराठीत ‘कच्चे’ नसते, दुसऱ्या भाषेत पक्के असते. प्रवेशअर्जात या जूनपासून ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना आला आहे. त्यापुढे काय करायचे, हे रकान्याने होणार नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी आणि गोरबोली बोलणारे शिक्षक, परिचारिका, वनरक्षक आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन नव्या मुलांशी त्यांच्या भाषेत नुसते बोलावे, आणि गृहपालांना रोजच्या अडीनडीचे पन्नास शब्द शिकवावेत, एवढी विनंती आहे. ताप, पोटदुखी, घर, भीती, आई. पाण्याचे शब्द आम्ही आधीच लिहून घेतले आहेत: माडियात एर, कोरकूत डा.

शेवटी एक सूचना. ज्या कोरकू मुलाचा उल्लेख वर आला आहे, तो शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांपैकी एकीत, सहावीत, दिवाळीपर्यंत होता. त्याचे पटावरचे नाव कार्यालयात आहे. येथे ते छापणे आम्हांस योग्य वाटले नाही. धारणी-चिखलदऱ्याकडील ज्या माजी विद्यार्थ्यांना त्या काळातील कोणी ओळखीचे असेल त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणे निघाली आहेत आणि त्याचे अजून आमच्यापाशीच आहे.